वरच्या काड्या कोरड्या

१

माळेचे सात मणी उरले होते, तेव्हा रेमेदिओस ओरडत देवळाच्या पायऱ्या चढली.

"कासिमीरामावशी! ताता पडलेत! विउदिताखाली पडलेत!"

कासिमीरा तोलाबानं मान वर केली, पण तोंड उघडलं नाही. सान रोकेच्या देवळाचा उंबरा झाडायचा, मेणबत्ती लावायची आणि जप पुरा होईस्तोवर दुसरा शब्द काढायचा नाही, हा तिचा रोजचा नेम. नवरा गेला त्या वर्षी धरला, तो एकोणीस वर्षांत मोडला नव्हता. एका हातानं तिनं रेमेदिओसचं मनगट घट्ट धरलं, दुसऱ्या हातानं सात मणी ओढले, माळ कपाळाला लावली आणि मगच म्हणाली, "चल."

त्या सात मण्यांनी काही बिघडलं नाही. रेमेदिओसचे वडील, आनाक्लेतो ताता, केव्हाच गार झाले होते.

तातांच्या मळ्यात मोल्येची, गुलाबी मिरीसारख्या फळांची, एक्केचाळीस झाडं होती आणि प्रत्येक झाडावर निराळ्या जातीची द्राक्षवेल. कुणाच्या पणजोबानं लावलेली, कुणाला नावही न आठवणारी. बाकीच्या मोल्येपांपा गावानं मोल्ये तोडून तारा ओढल्या, नवे वाण चढवले, तेव्हा लोक तातांना हसले होते. मग दोन वर्षांपूर्वी खोऱ्यात केवडा रोग शिरला. तारांवरची पानं पिवळी पडून गळली, घड वाळले, दुसऱ्या वर्षी वेलीच गेल्या. तातांच्या चाळीस वेली आजारी पडल्या आणि उठल्या. एक्केचाळिसावीच्या पानावर डागसुद्धा पडला नाही. तीच ही विउदिता, काळ्याभोर मण्यांची, म्हणून नाव लहानगी विधवा.

आता तिच्या मोल्येची एक जाड फांदी मोडून खाली आली होती. फांदीनं येताना वेलीचं मांडीएवढं खोड मुळापासून ओरबाडून काढलं होतं. ताता त्या खोडाशेजारी कुशीवर पडले होते, जणू दुपारची झोप घेताहेत. शिडी झाडाला तशीच लावलेली. भोवती काड्यांचे तुकडे.

"छाटणी करत होते," कुणीतरी म्हणालं. "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं शिडी चढावी कशाला?"

"ते गेले, वेलही गेली. संपलं आता सगळं."

तेवढ्यात वेलींच्या जुन्या जाती जपणाऱ्या संग्रह केंद्राची जीप धूळ उडवत आली. निल्दा उतरली ती धावतच. कासिमीराची ही धर्माची लेक, आई गेल्यावर नवव्या वर्षापासून तिच्याच चुलीपाशी वाढलेली, आणि गावातली पहिली शेतकी इंजिनिअर. तिनं तातांचे पाय शिवले, रडली, मग डोळे पुसून सगळ्यांकडे वळली.

"वेलीसाठी रडू नका. बारा वर्षांपूर्वी तातांनीच मला काड्या दिल्या होत्या. केंद्रात विउदिताच्या साठ वेली उभ्या आहेत. गुरुवारी राजधानीची माणसं काड्या न्यायला येणार आहेत. पुढच्या साली गावोगाव मिळतील."

बायकांनी छातीवर क्रूस काढला. एका म्हाताऱ्यानं निल्दाच्या हाताचं चुंबन घेतलं.

कासिमीरा मात्र मुळाशी वाकली होती. फाटलेल्या खोडातून पाणी झरत होतं. सप्टेंबरात इथला वसंत लागला की वेलींच्या अंगात रस चढतो, आणि तेव्हा कापलं की वेल रडते, चारचार दिवस रडते. इथली माती चिखल झाली होती. तिनं वर पाहिलं. या वर्षी ती गावची पंच होती, बघणं तिचं कामच होतं. तिनं घागरा खोचला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी शिडी चढली.

वर चाळीसएक काड्या कापलेल्या होत्या. एकेका टोकावर तिनं बोट फिरवलं.

सगळी टोकं कोरडी होती.

२

प्रेत धुवायला रेमेदिओस आणि कासिमीरा दोघीच बसल्या. बाहेरच्या खोलीत पुरुष कोकाची पानं चघळत बसले होते.

"मावशी, एवढ्या गप्प का?"

"विचार करतेय. तुझ्या बापानं चढत्या चंद्रात कधी छाटणी केलीय?"

रेमेदिओसचा हात थांबला. "ते? नखंसुद्धा उतरत्या चंद्रात काढायचे."

"आणि काल चंद्र कसा होता?"

"कोरीसारखा. नवा."

"कोयता कुठाय त्यांचा?"

"खिळ्याला. जागच्या जागी." ती हळूहळू म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "मी सांगते काय झालं. सातुर्निनो आला होता शनिवारी. फाटकात उभा राहून शिव्या देत होता. तुझी विधवा माझ्या मढ्यावर चढव म्हणाला. त्यानंच ढकललं. उद्या मंगळवारी चार वाजता कामार्गोचे पोलीस येतायत, मी त्यांना हेच सांगणार आहे. बाहेर बसलेत ना, त्यांनाही सांगितलंय."

"आणि तू? तुला तर ही झाडं तोडून तारा लावायच्या होत्या."

"होत्याच! आजही वाटतं!" रेमेदिओस फणकारली, आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवून रडायला लागली. "त्यांनी मला कधी विचारलं का, जेवलीस का म्हणून? सकाळी उठून आधी झाडं. माझ्या बाळंतपणात मळ्यात होते, मावशी. मला ती झाडं नको होती. बाप नको होता असं नाही."

कासिमीरानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तातांचा उजवा हात ओला करायला घेतला. तिथंच ती थबकली. पाचही नखांखाली माती ठासून भरली होती. एक नख उलटलं होतं. तळवा सोलवटला होता.

तिला मळ्यातलं ते फाटकं खोड आठवलं. त्याच्या बुंध्याशी मातीची एक ओबडधोबड रास होती, कुणीतरी हातानं ओढून लावल्यासारखी.

पडताक्षणी मेलेला माणूस मुळांना माती लावत नाही.

३

सातुर्निनोच्या मळ्यात सिमेंटचे खांब आणि तारा होत्या. तारांवर मेलेल्या वेलींचे काळे सांगाडे. तो दारू गाळायच्या भट्टीपाशी बसून उकडलेला मका खात होता. भट्टी थंड होती.

"या पंचबाई. दोरी आणलीत की गावकरी आणताहेत?"

"थट्टा सुचते तुला."

"मग काय करू? मघाशी माझ्या बायकोनं मला विचारलं, खरं सांग, तूच ना? पंचवीस वर्षं संसार केलाय माझ्याशी. परक्यांचं काय घेऊन बसलात."

"शनिवारी कशावरून भांडलास?"

"काड्यांवरून. ताता देत नव्हते असं नाही, हां. त्या माणसानं जन्मात कुणाला काडी नाही म्हटली नाही. पण म्हणे अकरा दिवस थांब, चंद्र उतरू दे. अहो, माझं सगळं जळून दोन वर्षं झाली! मी म्हटलं आज द्या. ते म्हणाले, आज दिली तर मरेल, आणि नाव माझ्या वेलीचं जाईल." त्यानं मक्याचे दाणे हातावर मोजल्यासारखे केले आणि परत ताटलीत टाकले. "मी तोंड सोडलं. ते चूकच. पण मावशी, अकरा दिवसांनी जे फुकट मिळणार, त्यासाठी मी म्हाताऱ्याचा जीव घेईन?"

"घाईत असशील."

"घाई? माझी पोरं आर्खेंतिनात गेली वीटभट्टीवर. आता घाई कसली! चोरायचं तर त्यानं, ज्याला तातांच्या तोंडावर मागायची लाज वाटते. मला लाज नाही, साऱ्या गावाला माहीत आहे."

कासिमीरा उठली नाही. तिला आता ते स्पष्ट दिसत होतं आणि तिनं ते मोठ्यानं बोलून पाहिलं, चूक असेल तर सातुर्निनो सांगेल म्हणून.

"ऐक. चाळीस काड्या छाटायला किती वेळ?"

"चांगला तास. वर उभं राहून जास्तच."

"मग पहिल्या काडीनं तासभर टिपकायला हवं. साल ओली हवी, खालचा पाचोळा भिजायला हवा. काही नव्हतं. वरची सगळी टोकं कोरडी, आणि खाली मुळाशी चिखल."

सातुर्निनोनं ताटली खाली ठेवली. तो वेलींतच वाढलेला माणूस, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

"म्हणजे खोड आधी फाटलं. रस वर जायचाच बंद झाला. काड्या मग कापल्या."

"हो."

"म्हणजे ताता खाली पडलेत..."

"जिवंत. नखांत माती होती. आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यावर तासभर उभं राहून काड्या कापतंय. खाली नुसते शेंडे आणि जून लाकूड पडलंय. मधला पेन्सिलीएवढा भाग, लावायजोगा, एकही नाही."

मग सातुर्निनो हलक्या आवाजात म्हणाला, "फुटीचे डोळे फुगलेल्या काड्या आहेत. चार दिवसांत मातीत गेल्या नाहीत तर सरपण. ज्यानं नेल्या त्याला शोधून काढा लवकर. माझ्यासाठी नाही म्हणत."

४

मंगळवारी सकाळी दफन होतं. वेल राखणाऱ्या माणसाच्या छातीवर त्याच्या लाडक्या वेलीची काडी ठेवून पेटी मिटायची, ही मोल्येपांपाची रीत. मळ्यातली विउदिता फाटलेली; मेलेल्या वेलीची काडी ठेवत नाहीत. म्हणून आदल्या दिवशीच कासिमीरानं निल्दाला सांगितलं होतं, "केंद्रातली एक आण गं."

निल्दा वेळेवर आली. काळा दुपट्टा, डोळे सुजलेले. तिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी कासिमीराच्या हातात दिली.

"झोपली नाहीस वाटतं."

"नाही, माय."

कासिमीरानं फडकं सोडलं. हातभर लांब, सरळ, तपकिरी काडी. डोळे फुगलेले, मिटलेले. दुसऱ्या पेरापाशी वेलीचा एक सुकलेला कुरळा ताणा राहिला होता, आधाराला विळखा घालतो तसला. ताणा तीन वेढे घालून आवळलेला होता. त्या वेढ्यांच्या आत करंगळीएवढी वाळकी डहाळी अडकून तुटून आली होती, आणि तिला गुलाबी मिरीसारखं एक फळ चिकटलं होतं.

मोल्येचं फळ.

कासिमीराला प्रथम काही वाटलंच नाही. ती जन्मभर असल्याच काड्या बघत आली होती. इथं ताण्यात मोल्ये नसेल तरच नवल. निल्दाच्याही नजरेत ते म्हणूनच आलं नसावं. तिचं बालपण याच झाडांखाली गेलं होतं, आणि केंद्रात बसून घाईनं तिनं बाकीची काडी पुसली होती, हे तेवढं तिला घाण वाटलंच नाही.

पण केंद्रात झाडं नव्हती. कासिमीरा एकदा गेली होती तिथं, उद्घाटनाला. लोखंडी खांब आणि तारा, शेवटपर्यंत. निल्दानं किती अभिमानानं दाखवल्या होत्या.

पाद्री थांबला होता. रेमेदिओस बघत होती. कासिमीरानं काडी परत फडक्यात गुंडाळली आणि आपल्या शालीत खोवली. तातांच्या छातीवर तिनं स्वतःची जपमाळ ठेवली.

"मिटा पेटी," ती म्हणाली.

माती लोटून झाल्यावर तिनं निल्दाचा दंड धरला.

"जीप काढ. मला त्या साठ वेली दाखव."

५

लाल कड्यांखालून रस्ता वळत होता. चार वाजता पोलीस येणार होते. सातुर्निनोला लोकांनी आत्ताच घरात कोंडून दारावर माणूस बसवला होता.

केंद्राच्या फाटकाला कुलूप होतं. निल्दानं ते उघडलं. तारांच्या ओळी नीट, पाट्या नीट, प्रत्येक पाटीवर सुवाच्य अक्षरात नाव. पाट्यांखाली काटक्या उभ्या होत्या. कासिमीरानं एक मोडली. कट्कन तुटली. दुसरी मोडली. तिसरी.

"कधी?"

"सहा वर्षं झाली. दुष्काळात पंप जळला. मी महिनाभर मागणी करत होते, मग पैसे आले ते पाऊस पडल्यावर. सगळ्या मेल्या होत्या, माय. शंभर जाती."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"पहिल्या वर्षी वाटलं, तातांकडून परत आणून लावीन, कुणाला कळणार नाही. मग सगळं ठीक असल्याचा अहवाल गेला. मग त्या अहवालावर बक्षीस मिळालं. तू साऱ्या गावाला गोड भाकरी वाटलीस." निल्दा पाट्यांकडे बघत बोलत होती. "केवडा येईपर्यंत कुणी मागितल्याच नव्हत्या."

"तातांना सांगितलंस?"

"सोमवारी पहाटे. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हाकलतील. ते म्हणाले, म्हणजे ही आता एकटीच आहे होय? एवढंच. मी म्हटलं, मला गुरुवारपर्यंत साठ काड्या हव्यात. त्यांनी बोटांवर दिवस मोजले, चंद्र चढता होता. तरी म्हणाले, चल, तुझी कात्री दे, वर मीच जातो, तुझा पाय चुकीच्या फांदीवर पडेल. आणि त्यांचाच..."

ती खाली बसली. कासिमीरा उभीच राहिली. बसली असती तर तिनं तिला जवळ घेतलं असतं.

"पुढे."

"कंबरेखाली हलत नव्हतं त्यांचं. मी रडायला लागले तर ओरडले माझ्यावर. म्हणाले, खोड गेलं, आता काड्यांतच काय ते आहे, वर चढ. चार डोळे ठेव, पोरी, तीन नको, मोल्येपांपात थंडी असते. मी कापत होते आणि ते खालून सांगत होते. ही नको, ती घे. एका हातानं मुळाला माती ओढत होते. मग सांगायचे थांबले."

"थांबले, म्हणजे गेले?"

निल्दानं मान हलवली, नाही अशी. "श्वास चालू होता. मी उतरले तेव्हा चालू होता."

वाऱ्यानं एक पाटी तारेवर वाजली.

"काड्या घे म्हणाले, घेतल्यास. ते मी समजू शकते," कासिमीरा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, आणि निल्दाला त्याचीच भीती वाटली असावी. "पण मग हाक मारायची होतीस. देऊळ किती लांब आहे मळ्यापासून? दोनशे पावलं. मी तिथंच होते. उंबरा झाडत होते."

"हाक मारली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, तू इथं कशाला आलीस."

"हो. विचारलं असतं."

"माय, मला वाटलं ते तसेही..."

"आणि सातुर्निनो? तोही तसाही?"

निल्दानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. कासिमीरानं मनातल्या मनात सान रोकेला विचारलं की, ही नऊ वर्षांची होती तेव्हा मी हिला काय शिकवायचं विसरले. मग म्हणाली, "काड्या कुठायत?"

थंड कपाटात ओल्या पोत्यात त्रेचाळीस काड्या होत्या. एकेकीला चार डोळे.

६

मोल्येपांपात परतल्या तेव्हा पोलिसांची गाडी सातुर्निनोच्या दारात उभी होती आणि तो मागच्या बाकावर बसलेला होता. कासिमीरा गाडीपुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं साऱ्या गावासमोर सांगितलं. कोरडी टोकं, नखांतली माती, ताण्यातली डहाळी, केंद्रातल्या काटक्या. 'माझी धर्माची लेक' हे शब्द तिनं वगळले नाहीत. सांगून झाल्यावर कुणीतरी दगड उचलला. सातुर्निनो गाडीतून उतरला होता, त्यानं तो हात खाली केला.

"ताता स्वतः म्हणाले, काड्या काप, हे कशावरून?" रेमेदिओस किंचाळली. "ही सांगते म्हणून?"

"तेवढ्यावरूनच," कासिमीरा म्हणाली. "मला दुसरा पुरावा नाही. मातीची रास आहे, ती तू पाहा आणि तूच ठरव."

निल्दा पोत्याकडे बोट दाखवून पोलिसांना म्हणत होती, "दोन तास द्या. यांना रस चढलाय, नुसत्या खोचल्या तर सडतील. मला येतं. इथं दुसऱ्या कुणाला येत नाही. मग न्या मला."

पोलिसानं पंचबाईकडे बघितलं. पंचबाईनं रेमेदिओसकडे. वेल आता तिची होती, नको असली तरी.

रेमेदिओसनं पोत्याचं तोंड सोडून आत पाहिलं.

"लाव," ती शेवटी म्हणाली. "एकेक माझ्यासमोर लाव. आणि माझ्याशी बोलू नकोस."

तातांच्या मळ्यात त्रेचाळीस काड्या लागेपर्यंत ऊन कड्यावर गेलं. मग निल्दानं हात धुतले आणि जाऊन गाडीत बसली.

नोव्हेंबरच्या एका गुरुवारी कासिमीरा कामार्गोच्या तुरुंगात तिला भेटायला गेली. भाकरी दिली, धुतलेले कपडे दिले. निल्दा वाळली होती. पहिली पाच मिनिटं दोघी भाकरीबद्दलच बोलल्या.

"किती फुटल्या?" शेवटी निल्दानं विचारलं.

"नऊ."

"नऊच?"

"सात म्हण. दोन कालपासून मान टाकतायत."

"पानांवर डाग?"

"नाहीत. शेजारी सातुर्निनोच्या वाफ्यात आहे केवडा, इकडे नाही."

निल्दानं डोळे मिटले. पहारेकऱ्यानं वेळ संपल्याची खूण केली.

"रेमेदिओस पाणी घालते?"

"सकाळ-संध्याकाळ," कासिमीरा उठता उठता म्हणाली. "नऊही वेलींना नावानं हाका मारते. तुझं नाव मात्र घेत नाही, बाळ, आणि मी तिला घे म्हणून सांगणारही नाही."